दोरीच्या अलीकडून काढलेले फोटो

मोटरसायकल रेसचे फोटो काढणाऱ्यांकडे फोटोंपेक्षा किस्सेच जास्त साठतात. फोटो बहुतेक धुळीचेच येतात आणि ते डिलीट करता येतात. किस्से डिलीट होत नाहीत.

आम्ही तिघं. मी क्लासमध्ये गणित शिकवतो, मिलिंद बँकेत आहे, वैदेही मूळची अकोल्याची, आयटीत, कर्वेनगरला राहते. प्रेसचा पास कुणाकडेच नाही. खडकवासल्याच्या पुढे एका मैदानात मातीचा ट्रॅक आहे. तिथे तिकीट काढून पब्लिकमध्ये, दोरीच्या अलीकडे उभं राहायचं आणि जमेल तसं टिपायचं. भुताखेतांवर आमचा विश्वास नाही, हे आपलं सांगून ठेवलेलं बरं.

*

मिलिंदचा किस्सा तो स्वतः सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

एका दुपारी आम्ही मोठ्या जंपसमोर होतो. एक गाडी हवेत गेली आणि मिलिंदने क्लिक करायच्या ऐवजी कॅमेरा खाली घेतला. काय झालं विचारलं, तर म्हणाला, "गाडीवर कोणी नव्हतं."

मला तर गाडीवर रायडर स्पष्ट दिसला होता. ऊन लागलंय, टोपी घाल, असं मी त्याला सुनावलं.

पुढच्याच फेरीत तोच रायडर चढावर गाडीवरून निसटला. त्याला फारसं लागलं नाही, पण गाडी एकटीच उडाली आणि पलीकडे जाऊन पडली. फोटो घेतलास का, म्हणून मी मिलिंदकडे वळलो. तो लेन्सला टोपण लावत होता.

"माझा पाहून झालाय," म्हणाला.

*

सदाशिव पेठेतले एक निवृत्त आजोबा घडीची खुर्ची घेऊन यायचे. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "अहो, आपण फोटो काढताय की आमची रेस झाकताय?" तिथून ओळख झाली.

त्यांना अजिबात ऐकू येत नव्हतं. तरी वळणावर गाडी दिसायच्या आधी त्यांची मान तिकडे वळायची. खुणेने विचारलं, तर म्हणाले, पायाला कळतं, जमीन सांगते. पटण्यासारखं होतं. आम्ही त्यांच्या मानेवर नजर ठेवून फोटो काढायला लागलो.

एकदा रेस संपली, ट्रॅक रिकामा झाला, आम्ही बॅगा भरत होतो. आजोबांनी एकदम दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले. मान वळणाकडे. मी हातानेच विचारलं, कोण येतंय?

"ते कळत नाहीये," आजोबा म्हणाले. "पण गाडी नाही."

*

हा माझा. माझ्या एका फोटोत वळणावर पिवळा झेंडा हलताना दिसतो. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे, हळू या. सगळे रायडर हळू झालेलेही दिसतात. पुढे एक जण पडलेला होता आणि मागच्या गाड्या त्याला चुकवून गेल्या, म्हणून तो वाचला.

तो फोटो मी त्या वळणावरच्या मार्शलना नेऊन दाखवला. निवृत्त पीटीचे सर, अत्यंत करडा माणूस. वेळेवर झेंडा दाखवल्याबद्दल मी त्यांचं कौतुक करत होतो. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला.

"मी चहा प्यायला गेलो होतो," ते म्हणाले. "झेंडा माझ्या काखेत होता."

*

आता वैदेहीचा. मुलगा वाचला, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर ऐकणारे मधेच थांबवून विचारतात.

वैदेही जंपच्या कडेला, दोरीला चिकटून उभी होती. शेजारी एक पिकल्या केसांच्या बाई येऊन उभ्या राहिल्या. हिरवी साडी, हनुवटीवर मोठा तीळ. इतक्या गोंगाटात शांतपणे म्हणाल्या, "बाळा, जरा सरकतेस का? तू उभी आहेस ना, तिथे माझा मुलगा उतरतो."

वैदेहीला गंमत वाटली. ती बाजूला झाली, आणि सवयीने त्यांचा एक फोटोही घेतला. ती ट्रॅककडे वळली, तेवढ्यात एक गाडी हवेतच तिरकी झाली, दोरी तोडून अलीकडे आली आणि रायडर ती आधी उभी होती त्याच जागी येऊन पडला. बाई तिथे नव्हत्या.

मुलगा बेशुद्ध होता. त्याला अँब्युलन्समध्ये चढवत असताना गर्दीतून त्याची आई धावत आली. केस काळेभोर, अंगात पंजाबी ड्रेस, हनुवटीवर तीळ. वैदेहीला वाटलं, मघाच्या बाई म्हणजे हिची आई असणार. म्हणून तिने कॅमेऱ्यातला फोटो दाखवला आणि आजी कुठे गेल्या म्हणून विचारलं.

"माझी आई मी शाळेत असतानाच गेली," ती म्हणाली.

मग तिने कॅमेरा हातात घेतला. फोटो मोठा करून पाहिला. स्वतःच्या हनुवटीला हात लावला. आतून कोणीतरी घाई करत होतं, चला, चला. ती हलली नाही.

"काय म्हणाल्या या? नीट आठवून सांगा."

वैदेहीने शब्द न् शब्द सांगितला.

"उतरतो म्हणाल्या? की उतरायचा?"

"उतरतो," वैदेही म्हणाली.

आईने कॅमेरा परत दिला, डोळे पुसले आणि अँब्युलन्समध्ये चढली.