रिठदच्या अंगणात फिरतं कृष्णविवर

माझी वर्गमैत्रीण सुमन विलायतेहून महिनाभरासाठी तिच्या गावी आली आहे, हे कळलं त्याच दिवशी मी रिठदला जायचं ठरवलं. भेटायची ओढ होतीच, पण तिच्या संशोधनात काही चुकतंय का, हेही पाहायचं होतं. एम.एस्सी.ला मार्क माझे जास्त होते. संशोधनाला गेली ती, आणि मी अकोल्याच्या कॉलेजात प्रॅक्टिकलं घेत राहिले. सत्तरचं दशक संपत आलं होतं.

तुम्हीही कधी निघालात तर थंडीत निघा. अकोल्याहून पातूर, मालेगाव करत एसटी वाशीमला पोचते. पातूरनंतर घाट लागतो, तेव्हा खिडकीची जागा धरा. वाशीमला रिसोडची गाडी मिळते आणि ती वाटेत रिठदला थांबते. रस्ता खडबडीत, पण दोन्हीकडे शेंगांनी लगडलेली तूर.

सुमनच्या आईनं भाकरी आणि सोले, म्हणजे तुरीच्या हिरव्या दाण्यांची झणझणीत भाजी वाढली. जेवता जेवता सुमन मला आणि तिच्या मायला आपल्या संशोधनाचं सांगू लागली. कृष्णविवर गरगर फिरतं, भोवतालचं अवकाशही ओढून फिरवतं. त्यात चुंबकीय क्षेत्राच्या रेषा दोरासारख्या पिळल्या जातात आणि त्या पिळातून विवराच्या फिरण्याची ऊर्जा बाहेर पडते.

"इतक्या जोरात कायले फिरून राह्यलं ते?" माय म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तुमी दोघी संगंच शिकल्या ना? मंग तुले काहून नाही नेलं तिकडं?"

"माझं लग्न ठरलं होतं, मावशी."

"माय, ही माह्याहून हुशार होती," सुमन म्हणाली. मी खाली बघून भाकरी मोडत राहिले.

दुपारी तिनं कागद पसरले. "पाह्य ना, माह्या गणितात ऊर्जा बाहेर निघायच्या जागी आतच जाते. लई दिवसांची अडकली मी."

मी अधाशासारखी ओळी तपासू लागले. एका ठिकाणी वजाचं चिन्ह सुटलं होतं. त्यावर बोट ठेवताना मला आतून गुदगुल्या झाल्या.

सुमननं ती ओळ पुन्हा सोडवून पाहिली. मग टाळी वाजवून खळखळून हसली. "माय, सापडलं वं! हिनं काढलं!" तिनं मला मिठीच मारली.

संध्याकाळच्या गाडीनं परतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच प्रयोगशाळा. पुढे वर्षं गेली, तिच्या विलायतेचा हेवा ओसरला. पण आपली चूक दुसऱ्यानं दाखवल्यावर ती जशी हसली, तसं मला अजून जमत नाही. त्याचा हेवा मात्र आजही वाटतो.