बोलता येईल एवढंच चालायचं

चालल्यानं वजन किती उतरतं ते मला विचारू नका, पण किस्से झपाट्यानं वाढतात! नव्वद सालानंतर कधीतरी घोडेगावात आम्ही चौघं सकाळी फिरायला लागलो. पंचायत समितीतला कारकून मी, शाळेत पीटी शिकवणारे गुरुजी, टेलर रहीमभाई आणि तहसीलच्या रेकॉर्ड रूममधले आण्णा. आण्णा म्हणजे दिवसाला चार शब्द, त्यातले दोन चहावाल्याला. पंधरा वर्षं चाललोय, त्यामुळं या विषयावर बोलायचा मला पुरा हक्क आहे.

*

धडधाकट माणूस बिनकामाचा चालतो, हे त्या काळी कुणाला पटायचंच नाही. प्रत्येक जीप थांबायची. "काय राव, गाडी बंद पडली का? बसा, सोडतो!"

आम्ही हात जोडायचो. रहीमभाईंना मात्र नाही म्हणणं जमेना. एके दिवशी ते बसलेच! थेट मंचरला उतरले आणि नऊच्या एस्टीनं परत आले. आम्ही त्यांना फैलावर घेतलं.

"अहो, माणूस एवढ्या मायेनं थांबला, त्याला तोंडावर नाही कसं म्हणू?" रहीमभाई म्हणाले. "आणि स्टँडपासून दुकानापर्यंत चाललोच की!"

*

महिन्यानं फरक बघायला आम्ही कांद्याच्या आडत्याकडं काट्यावर चढलो. चौघांचंही वजन वाढलेलं! फिरून आल्यावर स्टँडवर गरम भजी हाणायचो, तो विषय कुणी काढेना.

गुरुजी ठामपणे म्हणाले, "हे वजन व्यायामाचं आहे. स्नायू भरतात!"

आडत्यानं त्यांच्या पोटाकडं बघितलं. "गुरुजी, तुमचा स्नायू लई खाली उतरलाय."

त्या दिवसापासून भजी बंद. तीन महिन्यांत माझी पँट रहीमभाईंनी दोनदा आत घेतली. झोप तर अशी लागायची की बायको हलवून उठवायची. फायदा आहे म्हणजे आहे, मी छातीठोकपणे सांगतो.

*

व्यायामात धोका असतो का? असतो. आमच्यातला धोका म्हणजे गुरुजी!

एका सकाळी त्यांनी टूम काढली. चढावर पळायचं, शेवटी येईल त्यानं चहा पाजायचा. आण्णा बोलत नसत, पण हरायलाही तयार नसत. वय पन्नास, नोकरी खुर्चीतली, तंबाखू तीस वर्षांची. पठ्ठ्या पहिला आला आणि छाती धरून खाली बसला.

पहिली दिसली ती जीप थांबवून मंचरचा दवाखाना गाठला. हार्ट अटॅक होता, पण वेळेत पोचलो. आयुष्यात मी एवढा कधी घाबरलो नाही.

गावानं निकाल लावून टाकला, "बघा, चालायची हौस नडली!" मला असा संताप आला! तंबाखूचं नाव कुणीच घेईना. आण्णांच्या बायकोनं, आक्कांनी, तर घरी आल्या आल्या सांगितलं, "आता ह्यांनी उंबऱ्याभायेर पाय टाकायचा न्हाई!"

*

शेवटी डॉक्टरांनी आक्कांनाच समोर बसवलं. "चालल्यानं नाही, एकदम पळाल्यानं झालं. नुसते बसून राहिले तर पुन्हा होईल. चालू द्या, पण हळू. चालताना बोलता आलं पाहिजे. बोलता येईना झालं की थांबायचं."

आली का पंचाईत! आण्णा ठणठणीत असतानाही बोलत नव्हते. त्यांचा दम कळायचा कसा?

गुरुजींनी तोड काढली, पाढे! आण्णा पाढे म्हणत पुढं, आम्ही तिघं कान देऊन मागं. घरी आक्का दारात बसलेल्या. ते परत येईपर्यंत बाई पाण्याचा घोट घ्यायची नाही.

एकदा "एकोणतीस सत्ते..." म्हणून आण्णा गप्पकन थांबले. रहीमभाई बाटली घेऊन धावले. "दम लागला का, आण्णा? बसा, बसा!"

"नाय," आण्णा म्हणाले. "पुढचं येत नाय."

*

तीन महिन्यांनी तपासणीला मी आण्णा-आक्कांसोबत गेलो. डॉक्टरांनी आण्णांच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. "झकास! असंच चालू ठेवा."

आण्णांनी आपला हात काढून घेतला आणि आक्कांचा हात धरून टेबलावर ठेवला. "हिचं बघा."

"माझं कशाला? मला काय झालंय?" आक्का लाजल्या.

डॉक्टरांनी एकदा बघितलं. पुन्हा बघितलं. "आक्का, तुमचं बीपी तर ह्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे! आधी कधी तपासलं होतं?"

कधीच नाही. आक्का आण्णांकडं बघत राहिल्या. मला तर मान वर करवेना. इतके दिवस आम्ही सगळे आण्णांच्याच छातीला कान लावून बसलो होतो. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि वर सांगितलं, "तुम्हीही चालायचं. बोलता येईल एवढंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णांच्या दारात गेलो तर आक्का उभ्या. नऊवारीखाली नवे कोरे कॅनव्हासचे बूट, डोक्यावर पदर. गुरुजी हसणार होते, मी त्यांना चिमटा काढला. नवराबायको पुढं निघाले, आम्ही मुद्दाम मागं राहिलो.

दहा पावलं झाली असतील. आक्का थांबल्या. "मला पाढं येत न्हाईत. शाळंत कुणी घातलंय मला? मी काय म्हणू?"

आण्णा म्हणाले, "काय बी बोल. मी ऐकतोय."