मोडनिंबची पोर

अक्कांनी माझ्या हातातला पाण्याचा ग्लास मनगटानं बाजूला सारला. बोटं लागू नयेत म्हणून मनगटानं. थोडं पाणी त्यांच्या शालीवर सांडलं. ते झटकून त्यांनी मला विचारलं, "तुजं आडनाव काय म्हनली ती?"

लंडनहून विमान सुटून तासभर झाला असेल. खिडकीतून ऊन आत येत होतं. आम्ही फर्स्ट क्लासात होतो. खिडकीशी अक्का, त्यांच्या शेजारी मी, आणि मधली वाट सोडून पलीकडं त्यांचे चिरंजीव, दादासाहेब. हवाई सुंदरी नुकतीच येऊन गेली होती. मागच्या वर्गात तुम्हाला कुणी नावानं हाक मारत नाही. पुढं मारतात. तिच्या हातात यादी होती. यादीत बघून, हसून, तिनं माझं आडनाव घेतलं आणि काय आणू असं विचारलं. मी गप्प राहिले म्हणून तिनं ते पुन्हा घेतलं. स्वच्छ. मोठ्यानं.

आमचं आडनाव ऐकलं की सोलापुरात कुणी पुढचं काही विचारत नाही. जात, वस्ती, बापाचं काम, सगळं त्यातच येतं.

मी दादासाहेबांकडं बघितलं. त्यांनी वर्तमानपत्र उघडलं होतं.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. नर्सिंगचा कोर्स करून सोलापुरातल्या एका खासगी दवाखान्यात लागले होते. आमच्या घरात पगाराच्या नोकरीला लागलेली मी पहिली बाई. वडील मिलमध्ये कापसाच्या धुळीच्या खात्यात होते. विणकामाच्या खात्यात त्यांना कधी घेतलं नाही. तिथं सुताची कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागतो. आमचं तोंड लागलेला धागा इतरांना चालायचा नाही. कापसाची धूळ चालायची. ती आमच्या छातीत जायची.

दादासाहेब कापडाचे मोठे व्यापारी. आमच्या दवाखान्याच्या विश्वस्तांत त्यांचं वजन होतं. त्यांच्या आईला, म्हणजे अक्कांना, हृदयाचं दुखणं होतं. ऑपरेशन लंडनला करायचं ठरलं. तिथं त्यांचा पुतण्या डॉक्टर होता. सोबत नर्स हवी होती. मोठ्या डॉक्टरांनी माझं नाव सुचवलं. नाडी माझ्या हाताला लगेच लागते, पेशंट माझ्याकडून सुई टोचून घेताना रडत नाही, असं ते म्हणाले.

दादासाहेबांनी मला डॉक्टरांच्या खोलीत बोलावून घेतलं. म्हणाले, अक्का जुन्या वळणाच्या आहेत. त्यांना तुझं काही सांगायचं नाही. तू मोडनिंबच्या पाटलांची मुलगी आहेस असं मी सांगितलंय. आडनाव काढायचं नाही. मग म्हणाले, "तुझं काय जातंय?"

डॉक्टर टेबलावरचे कागद सारखे करत होते.

मी व्हय म्हणाले. कुणी माझा हात पिरगाळला नव्हता. हे लिहिलंच पाहिजे. परदेशी दवाखान्यात काम केल्याचा दाखला मिळणार होता, आणि त्या दाखल्यावर पुढं मोठ्या सरकारी दवाखान्यात लागता येईल असं माझ्या डोक्यात होतं. जाताना मला मागच्या वर्गात बसवलं. अक्कांना काही लागलं की पुढून बोलावणं यायचं. मी जायची, काम करायची, परत यायची. त्याचं मला काही वाटलं नाही. मला सवय होती.

लंडनला आम्ही सात आठवडे होतो. थोडे दिवस दवाखान्यात, बाकीचे पुतण्याच्या घरी. अक्कांना इंग्रजी येत नव्हतं. दिवसभर बोलायला त्यांना मीच. आणि त्या विचारायच्या. मोडनिंबला घर कुटं? हायवेला का गावात? मी मोडनिंब एसटीच्या खिडकीतून बघितलेलं. सांगितलं, गावात. विहीर हाय का? हाय. म्हशी किती? तीन. वडील काय करत्यात? इथं मी अडखळले. वडलांबद्दल रोज नवं खोटं कुठून आणायचं? म्हणून म्हणाले, वारले. मी लहान असतानाच.

अक्कांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. बापाविना पोर, म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांनी मला जवळ बसवून जेवायला लावलं. सकाळी माझे केस विंचरायच्या. त्यांच्या पेटीतलं एक जरीकाठी लुगडं मला दिलं. रात्री दुखायला लागलं की माझा हात धरून पडायच्या.

खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. ती मोडनिंबची पोर मला आवडायला लागली होती. तिच्या हातचं पाणी लोक पीत होते. तिला कुणी लांब बस म्हणत नव्हतं. कधीकधी मी स्वतःहून सांगायची. आमच्या विहिरीला उन्हाळ्यातबी पाणी असतं. थोरल्या म्हशीचं नाव चंद्री. माझा जिवंत बाप सोलापुरात खोकत होता, आणि मी तिकडं त्याच्या माघारी म्हशींना नावं देत होते.

परतीच्या वेळी तिथल्या सर्जननं चिठ्ठी दिली. नर्स हाताच्या अंतरावर पाहिजे, नाहीतर पेशंटला विमानात घेऊ नये. विमानतळाच्या खिडकीवरच्या माणसानं ती वाचली आणि माझं मागच्या वर्गाचं तिकीट बाजूला ठेवलं. वरचा फरक पुतण्यानं भरला. माझ्या हातात नवीन पास आला. त्यावर माझं नाव होतं, आडनावासकट, टंकलेखन यंत्रावर छापलेलं. विमानात शिरल्यावर मी प्रथमच डावीकडं, पुढच्या वर्गाकडं वळले. रुंद खुर्ची. पांढरा रुमाल. मी त्या खुर्चीच्या हातावरून दोनदा हात फिरवला. कुणी बघत नाही ना ते बघून.

आणि तासाभरात ती हवाई सुंदरी यादी घेऊन आली.

अक्का उत्तराची वाट बघत होत्या. मला अजून एक खोटं बोलता आलं असतं. तिनं चुकीचं नाव वाचलं म्हणता आलं असतं. दादासाहेबांना तेच हवं होतं. वर्तमानपत्राच्या वरून ते माझ्याकडं बघत होते.

मी म्हणाले, "माजंच आडनाव हाय ते, अक्का. मी मोडनिंबची न्हाय. आमी मिलच्या मागच्या वस्तीतले."

अक्कांनी हात पदरात घेतला. खिडकीकडं तोंड केलं. मानेवर ऑपरेशनच्या वेळची सुईची खूण होती. सात आठवडे ती मीच पुसत होते.

दादासाहेब उठून माझ्याजवळ आले. वाकून, हळू आवाजात बोलले. मागं एक रिकामी जागा आहे, तिथं जाऊन बस. काही लागलं की बोलावतो. मी म्हणाले, सर्जनची चिठ्ठी आहे. ते म्हणाले, चिठ्ठी राहू दे. मी उठले नाही. तेव्हा म्हणाले, "पैसे तुझ्यासाठी भरले नाहीत. अक्कांसाठी भरलेत."

ते खरंच होतं. पैसे माझ्या हातांसाठी भरले होते. हातांना खांद्यापासून वेगळं करून बसवता येत नाही, म्हणून मलाही बसवलं होतं.

मी पास काढून त्यांच्यापुढं धरला. म्हणाले, "हितं माजं नाव हाय, दादासाहेब. ह्या शिटावरनं मी उठणार न्हाय."

कुणीतरी ओढून उठवेल असं वाटत होतं. पुढच्या रांगेतला एक गोरा म्हातारा मागं वळून बघत होता. त्या म्हाताऱ्यासमोर तमाशा नको म्हणून दादासाहेब जागेवर जाऊन बसले. मी जिंकले असं त्यात काही नव्हतं.

पुढचे आठ तास मी त्या खुर्चीत बसले. गोळीची वेळ झाली. अक्कांनी माझ्या हातून गोळी घेतली नाही. मी हवाई सुंदरीला बोलावलं, कुठली गोळी, किती, ते सांगितलं. तिनं दिली. अक्का तिच्या हातचं पाणी घटाघटा प्यायल्या. तिला कुणी आडनाव विचारलं नाही.

मग अक्कांना संडासला लागलं. त्यांना एकटीनं उठता येत नव्हतं. त्यांनी मुलाकडं बघितलं. मुलानं माझ्याकडं बघितलं. मी उठले. अक्कांनी माझ्या खांद्यावर सगळा भार टाकला, मी त्यांना नेलं, बसवलं, धुतलं, लुगडं नीट केलं, परत आणलं. तेवढा वेळ माझा स्पर्श चालला. खुर्चीत बसल्यावर त्यांनी हात पुन्हा पदरात घेतला.

पाण्याला चालत नाहीत ते हात घाणीला चालतात. हे मला लहानपणापासून माहीत होतं. आमच्या वस्तीत ते सांगावं लागत नाही. पण त्या दिवशी ते मला पहिल्यांदा समजलं. मी शिकले तर हे बदलेल असं मी धरून चालले होते. नर्स झाले तर, लंडनला गेले तर, पुढच्या वर्गात बसले तर. यापुढं अजून कुठं जायचं होतं? विमानात त्याच्यापुढं फक्त विमान चालवणारा बसतो.

मुंबईला त्यांना न्यायला दोन गाड्या आल्या होत्या. माझी पिशवी हमालानं खाली काढून ठेवली. जरीकाठी लुगडं मी घडी करून अक्कांच्या सामानावर ठेवलं. ते कुणी हातात घेतलं नाही, मला परतही दिलं नाही; सामानाबरोबर गाडीत गेलं. गाड्या निघून गेल्या. मी रेल्वेनं सोलापूरला आले.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी सांगितलं, जागा भरली. दाखल्याचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, तू पेशंटला प्रवासात त्रास दिलास असं कानावर आलंय, मी काय लिहू? ते माझ्याकडं न बघता बोलले. वाईट माणूस नव्हते. भित्रे होते. शहरातल्या आणखी तीन दवाखान्यांत गेले. तिन्हीकडं माझ्या आधी बातमी पोचली होती.

आई म्हणाली, जाऊन पाय धर अक्कांचे. मोठी माणसं, इसरत्याल. वडील बाजेवर बसून होते. मी त्यांना सगळं सांगितलं. मोडनिंब, विहीर, म्हशी. तुम्ही वारलात असं सांगितलं, तेही. खोकल्याची उबळ आली, गेली.

मग म्हणाले, "जिमीन किती सांगितलीस?"

"बारा एकर."

"मग आजून थोडी सांगायची की."

ते हसले. मला हसता आलं नाही. त्यांनी उभ्या जन्मात स्वतःच्या नावावर कुंडीएवढी माती बघितली नव्हती.

पुढं आठ महिन्यांनी करकंब गावाच्या बाजूला सरकारी लसीकरणाचं तात्पुरतं काम मिळालं. गावोगाव फिरायचं. काही घरांत पोराला उंबऱ्याबाहेर आणून माझ्यापुढं धरायचे. सुई टोचून झाली की त्याला आंघोळीला न्यायचे. एका सुट्टीत मी घरी सोलापूरला आले होते. दुपारी दाराशी गाडी थांबली. वस्तीतली पोरंबाळं गोळा झाली. दादासाहेब आले होते.

आत आले नाहीत. दारातच बोलले. अक्कांना अर्धांगवायू झाला होता. चार महिने अंथरुणाला खिळून होत्या. पाठीला जखमा पडल्या होत्या. सेवेला ठेवलेल्या दोन बायका वासानं पळून गेल्या. अक्कांना आता माणसं ओळखू येत नव्हती. विमानातलं काही आठवत नव्हतं. पण दिवसभर एकच घोकत होत्या, मोडनिंबची पोर कुटं गेली, तिला बोलवा.

त्यांच्या पाठीवरची कातडी किती पातळ होती ते माझ्या बोटांना आठवत होतं. जखम कशी धुवायची, कूस किती वेळानं बदलायची, सगळं मला येत होतं. मी मनात पिशवी भरायलाही लागले होते.

मी म्हणाले, येते. पण माझ्या नावानं येईन. घरात सगळ्यांना माझं आडनाव सांगायचं. आणि मला तहान लागली की तुमच्या माठातलं पाणी मी माझ्या हातानं घेणार.

दादासाहेब म्हणाले, घरात बायकामाणसं आहेत, ते होणार नाही. अक्का आता थोड्याच दिवसांच्या सोबती आहेत, तेवढे दिवस मोडनिंबची म्हणून काढ. पगार म्हणशील तो. आणि पुन्हा तेच म्हणाले, "तुझं काय जातंय?"

आतून वडलांचा खोकला ऐकू येत होता.

मी म्हणाले, "माजा बाप जातोय."

त्यांना ते कळलं नाही. गाडी वळवायला जागा नव्हती, ती मागं घेत घेत गेली. आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

अक्का नऊ दिवसांनी गेल्या. जखमांमध्ये किडे झाले होते, असं त्यांच्याकडं भांडी घासणाऱ्या बाईनं आईला सांगितलं. मी ते ऐकलं आणि त्या दिवशी जेवले नाही. मी गेले असते तर त्यांचं मरण इतकं वाईट झालं नसतं. हे मला पक्कं माहीत आहे. नर्स म्हणून ते माझ्यावर आहे, आणि मी ते कुणावर ढकलत नाही.

दादासाहेब पुढच्याच वर्षी दवाखान्याचे अध्यक्ष झाले. माझं तात्पुरतं काम संपलं, दुसरं तात्पुरतं मिळालं. वडील गेल्या उन्हाळ्यात वारले. खरोखरचे. काही बदललेलं नाही, आणि माझ्या हयातीत बदलेल असं मला वाटत नाही.

तरीही पेशंटच्या घरी गेल्यावर उंबऱ्याबाहेर उभी राहून मी आधी पूर्ण नाव सांगते. बापाच्या नावासकट. दहातली चार दारं तिथंच बंद होतात. बंद झालेल्या दारामागं माणूस कण्हत असतो, ते मला ऐकू येतं. मी पुढच्या घरी जाते.