रत्नप्रभाताईंचा गाणारा कुकर

घाटकोपरच्या भटवाडीत, रत्नप्रभाताई परबांच्या स्वयंपाकघरात भाताचा कुकर आला तो थेट नायकाच्या थाटात. आधी भलंमोठं खोकं, खोक्यात थर्माकोल, थर्माकोलात प्लास्टिक आणि त्याच्या आत तो: गोल, पांढराशुभ्र, पोटावर निळा दिवा. मुलगा देवेशने वायर लावून बटण दाबलं आणि कुकर चक्क गायला लागला. पेटीवर लहान मुलाने बोटं फिरवावीत तशी छोटीशी धून.

"गाता ता कळला," रत्नप्रभाताई म्हणाल्या. "शिजवता कधी?"

"आई, जपानी आहे. तांदूळ आणि पाणी घालायचं, विसरून जायचं."

"केवढ्याचो?"

"ते विचारू नकोस."

"म्हणजे फ्रिजाइतको," ताई म्हणाल्या. पण कुकर ठेवून घेण्यावाचून इलाज नव्हता. त्यांच्या डाव्या मनगटावर अजून मलमाचा पट्टा होता.

त्याचं झालं असं. रत्नप्रभाताई भात वेळत. म्हणजे टोपात भरपूर पाणी घालून उकडे तांदूळ शिजवायचे, दाणा होत आला की टोपावर झाकण तिरपं धरायचं आणि टोप मोरीवर कलता करून सगळी पेज पातेल्यात गाळून घ्यायची. ती पेज मीठ घालून प्यायची, वर मोकळा भात जेवायचा. मालवणहून लग्न होऊन त्या लालबागला आल्या तेव्हा सासूबाईंची खानावळ होती. पाळी सुटली की गिरणीतली गाववाली मंडळी पंगतीला येऊन बसत. तेव्हा हंडा वेळताना रत्नप्रभाताईंचं मनगट जे वळायचं, ते बघायला सासूबाई शेजारणींना बोलावत. गिरण्या गेल्या, खानावळ गेली, लालबाग सुटून भटवाडी आली, यजमान गेले. मनगटाला मात्र आपलं वय झाल्याचं कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी फडकं निसटलं आणि टोप उलटला.

देवेश बोरिवलीहून धावत आला. "बस झालं आई. आता तू आमच्याकडे चल."

बोरिवलीचं घर चांगलं होतं. सून श्रुतिका गुणी होती. पण तिथे दिवसभर दार बंद, आणि दाराबाहेर कोण आलंय ते छोट्या टीव्हीवर दिसे. भटवाडीत ताईंचं दार कधी लागतच नसे. इथे त्या कोणाची तरी वहिनी होत्या, कोणाची ताई, कोणाची मावशी. तिथे नुसत्या देवेशची आई. ताई नको म्हणाल्या, देवेश हट्टाला पेटला आणि शेवटी तह झाला: टोप बंद, भात कुकरमध्ये. टोप पुन्हा उचलला की बोरिवली.

पहिल्याच दिवशी ताईंनी सवयीने कुकरमध्ये टोपाइतकं पाणी ओतलं. उकळी फुटल्याचा आवाज आला तसं हातांनी आपलं काम केलं. चालू कुकरचं झाकण उघडून त्या पेज गाळायला निघाल्या! फेस उसळून ओट्यावर आला, निळा दिवा लाल झाला, कुकर टिंग टिंग ओरडू लागला. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, झाकण लाव."

ताईंनी आधी खिडकीबाहेर पाहिलं, मग पलंगाखाली. "तुका कोणी सांगल्यान?"

"कुकरने. माझ्या फोनला जोडलाय तो. ऑफिसात मीटिंगमध्ये बसलोय, इथे मेसेज आला, झाकण उघडं आहे म्हणून."

"अरे मेल्या! घरात चहाडखोर आणून ठेवलंस?"

दुसऱ्या दिवशी सगळं पुस्तकातल्यासारखं केलं. कुकरने वेळेवर शेवटचं गाणं म्हटलं. आत भात होता, शिजलेला होता, पण पाण्याचा थेंब न सोडता सगळं पोटात ठेवून बसलेला. दाण्याला दाणा चिकटलेला आणि पेजेचा पत्ता नाही. ताईंनी त्यावर बांगड्याची कढी ओतली. कढी वरच्या वर राहिली.

समोरच्या खोलीतले कुंडलिक साळवे डोकावले. मूळचे बीडकडचे, महापालिकेच्या शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले. "जय भीम, ताई. आज पेज न्हाई का?"

गंमत अशी की, हेच कुंडलिकराव पूर्वी पेजेला हसायचे. "आमच्याकडं असल्या पाण्याची कपड्याला खळ करत्यात. आन् भात आजाऱ्याला देत्यात." पण एकदा तापात ताईंनी वाटीभर पेज पाजली, वर लोणच्याची फोड दिली, आणि तेव्हापासून माणूस रोज पितळी वाटी घेऊन दारात उभा.

"पेज या कुकराने प्यायली," ताई म्हणाल्या. "आता काय करू भाऊ? टोप उचलला तर बोरिवली."

कुंडलिकराव ओट्यापाशी आले, कुकरभोवती एक फेरी मारली. "तुम्ही उचलायचा न्हाई, आसंच ठरलंय ना? मग मी उचलतो की."

"आणि ह्या चहाडखोराचा काय?"

ती बाजू कुंडलिकरावांच्या सुनेने, शीतलने सांभाळली. तिने सूपचं बटण शोधून काढलं. कुकरमध्ये नुसतं पाणी घालायचं आणि ते दाबायचं. तिकडे देवेशच्या फोनवर "शिजत आहे", नंतर "तयार आहे". इकडे शेगडीवर टोप, आणि कुंडलिकराव मोरीवर वाकून भात वेळतायत. ताई मागे उभ्या राहून तालीम घेत. "झाकण अजून तिरपा! पळतंत भाऊ, दाणे पळतंत!" पाणी फुकट तापतंय याची कुंडलिकरावांना हळहळ वाटू लागली, म्हणून ते त्यात दोन बटाटे सोडायला लागले.

नाटक झकास चाललं होतं. देवेश फोनवर खूश. "बघ, सवय झाली ना? मी सांगत होतो."

"होय रे झिला," ताई पेज पीत म्हणत.

आणि एका रविवारी, कसलीही सूचना न देता, देवेश श्रुतिकाला घेऊन दारात हजर. श्रुतिकाला कुकर आवडला होता, पण स्वतःसाठी तसाच घेण्याआधी त्यातला भात खाऊन बघायचा होता. नेमका त्याच क्षणी कुकर गायला.

"वेळेवर आलो!" म्हणत देवेशने झाकण उघडलं. वाफ ओसरली. आत गरम पाणी, आणि पाण्यात दोन बटाटे.

मोरीवर कुंडलिकराव वाफाळता टोप कलता धरून उभे. पेजेची धार लागलेली. मधेच थांबवता येईना, टोप लपवता येईना. "जय भीम, देवेश," ते म्हणाले आणि धार पुरी केली.

"आई, तू मला फसवलंस?"

"फसवलंय," ताई म्हणाल्या. "तू टोप उचलू नको म्हणालंस, मी उचलूक नाय. बाकी सगळा खोटा."

"पण कशासाठी? भातासाठी?"

"घरासाठी रे! तुझ्या घरी माका कसली कमी नाय. पण माझा दार हय आसा."

देवेशला राग होता, पण त्याहून जास्त धास्ती होती. तो कुंडलिकरावांकडे वळला. "रोज तुम्हीच उचलता?"

"रोज. पेजेवर."

"तुम्ही गावाला गेलात तर?"

"शीतल हाय."

"तीही नसली तर?"

कुंडलिकरावांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी टोपावर झाकण ठेवलं.

"त्या दिवशी," त्या म्हणाल्या, "मी भात करूचंय नाय. भाकरी खाईन."

देवेशने आपल्या आईला आयुष्यात भाकरीवर जेवण भागवताना पाहिलं नव्हतं. तापातही नाही, प्रवासातही नाही. 

"शपथ?"

"तुझी शपथ. आणि भाकरी भाऊंसारखी. ज्वारीची."

देवेशने खुर्ची ओढली. "ठीक आहे," तो म्हणाला. "राहा इथेच. वाढ आता, भूक लागलीय."

पंगत बसली. श्रुतिकाने पेज पिऊन बघितली, छान म्हणाली, पुन्हा मात्र घेतली नाही. हात धुताना ती हळूच म्हणाली, "आई, तो कुकर... तुम्हाला लागत नसला तर? आमच्याकडे बासमतीच होतो. त्याला वेळायचं काही नसतं."

"ने गो बाय, ने! बिचारो वाईट नाय. चुकीच्या घरात इलो."

संध्याकाळी कुंडलिकरावांनी खोकं खाली नेऊन टॅक्सीत ठेवलं. श्रुतिका ते मांडीवर घेऊन बसली. बोरिवलीला शेवटी कुकर गेला, आणि रत्नप्रभाताई खिडकीतून त्याला हात करत होत्या.