छत पोकळ वाजत होतं

माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण नाहूरला ताईच्या सोसायटीत राहायला आलो तेव्हा लिफ्टमध्ये प्रत्येकाला तेच विचारायचं असे आणि धड कोणालाच विचारता येत नसे. लोक माझ्या कुबड्यांकडे बघत, मग लिफ्टच्या पंख्याकडे, मग आपल्या मोबाइलकडे. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंनी धीर केला. "शुगर का हो?" मुंबईत पाय जायची दोनच कारणं लोकांना ठाऊक, शुगर नाहीतर रेल्वे. मी म्हटलं, "नाही काकू, दगड पडला." "अगं बाई, घाटात?" "नाही, जमिनीच्या खाली." तेवढ्यात त्यांचा मजला आला. मी थापा मारतोय असंच त्यांना वाटलं असणार.

कोळसा जमिनीतून निघतो एवढं सगळ्यांना माहीत असतं. तो काढल्यावर जी पोकळी उरते तिच्यात माणसं उभी असतात, हे कोणाच्या डोक्यात येत नाही. आमच्या विदर्भातल्या खाणीत त्या माणसांच्या डोक्यावर जे असतं त्याला आम्ही छत म्हणतो. म्हणायला छत, बाकी नुसता खडक. सुरुंग उडवून कोळसा फोडला की सगळ्यात आधी आत शिरायचं काम माझं होतं. एका हातात लांब पहार घ्यायची, दुसरा तळवा छताला टेकवायचा आणि ठोकत ठोकत पुढे सरकायचं. चांगलं छत ठणकन वाजतं. खराब छत ढब वाजतं आणि तळव्याला आतून बारीक थरथर लागते. ढब वाजलं की सैल दगड पहारीनं पाडायचा. पडत नसेल तर खाली टेकू उभे करायचे, आणि ते होईपर्यंत एकानंही पुढे जायचं नाही. नियम म्हणाल तर एवढाच आहे.

त्या दिवशी ढब वाजलं. मी ओरडून सांगितलं. माझ्या जोडीदारानं ऐकलं, आणि ज्यांनी ऐकायला हवं त्या आमच्या साहेबांनीही ऐकलं. कोळसा भरायचं यंत्र मागे घरघरत उभं होतं. साहेब म्हणाले, "टेकू मागून लावू. आधी माल काढून घ्या. तू पुढे उभा राहून लक्ष ठेव." मी उभा राहिलो. का राहिलास, असं मला पुष्कळांनी विचारलं. त्यांना मी उलट विचारतो, तुमचा साहेब उभं राहा म्हणतो तेव्हा तुम्ही पाट मांडून बसता का? छतानं फार वेळ घेतला नाही. पुढचं दवाखान्याचं पुराण मी सांगत नाही, ते सगळ्यांचं सारखंच असतं.

कृत्रिम पाय करून घ्यायला मुलुंडला यायचं होतं, म्हणून मुक्काम ताईकडे. ताई महापालिकेच्या शाळेत शिकवते. लग्न होऊन इकडे आली त्याला इतकी वर्षं झाली की तिच्या बोलण्यातून आमची वऱ्हाडी पार धुऊन निघाली आहे. भाऊजी अंधेरीला एका स्टुडिओत लाइटचं काम करतात आणि जेवायला घरी असले तर तो सणच समजायचा. हॉलमध्ये बुद्धाची तसबीर, तिच्यावर भाऊजींनी हौसेनं करून घेतलेलं पीओपीचं छत, त्यात लपवलेले दिवे. मी आलो त्या दिवशी भाऊजींनी ते सगळे लावून दाखवले. मी कुबडीच्या टोकानं छत ठोकून बघितलं. भाऊजींचा चेहरा पडला.

आता खाणीतली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. घरातला कमावता माणूस अपघातानं कायमचा निकामी झाला, तर त्याच्या जागी घरातल्या एकाला नोकरी मिळते. आमच्याकडे त्याला 'जागेवर लागणं' म्हणतात. माझं लग्न झालेलं नाही. आईवडील लवकर गेले. माझ्यावर अवलंबून असा एकच जीव, माझा धाकटा भाऊ. त्याला मीच वाढवला, आयटीआयपर्यंत शिकवला, आणि मग त्यानं गावात बसून वाट बघायला सुरुवात केली. पर्मनंट नोकरी लागली की एका मुलीचे वडील हो म्हणणार होते. माझा पाय गेल्याचं कळल्यावर तो दवाखान्यात ढसाढसा रडला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि आठवड्याच्या आत गावातली माणसं त्याचं अभिनंदन करायला लागली, हेही मला माहीत आहे.

अपघाताची चौकशी व्हायची होती. त्याआधी साहेबांचा फोन आला. आवाज अगदी मधाळ. "तुम्ही एवढंच सांगा, की टेकू लावायच्या आधी तुम्ही स्वतःहून पुढे गेलात. चुकून. माणसाकडून होतं असं. मग भावाच्या नोकरीचं मी जातीनं बघतो. नाहीतर चौकशी लांबणार, आणि नोकरीही लांबणार. कळतंय ना?"

मला चांगलंच कळत होतं. मी म्हटलं, "साहेब, मी गेलो नाही, तुम्ही पाठवलंत." त्यांनी शांतपणे सांगितलं, विचार करा, मी मुंबईला येतोच आहे.

ताईनं ऐकलं आणि कणीक मळता मळता माझ्यावर घसरली. "अरे बोलून टाक ना यार! एक वाक्य आहे. खरं बोललास म्हणून पाय उगवणार आहे का?"

"नाही उगवणार."

"मग? सख्ख्या भावाच्या पोटावर पाय देऊ नकोस."

"द्यायला एकच उरलाय ताई, जपून वापरतो."

ती हसली नाही. कणकेचा गोळा परातीत आपटून म्हणाली, "तुझी अक्कड पहिल्यापासून अशीच. बाबांसारखी." ते खरं होतं. आमचे बाबा गावच्या पाटलासमोर चप्पल काढत नसत आणि त्याची किंमत आम्ही सगळ्यांनी मोजली होती. मला ती किंमत आठवते आणि बाबांची ताठ मानही आठवते. दोन्हींतलं काय ठेवायचं ते मी लहानपणीच ठरवलं होतं.

साहेब यायच्या आदल्या दिवशी धाकटा येऊन धडकला. ताईनं त्याला कानमंत्र देऊन बोलावलं असणार. संध्याकाळी आम्ही दोघं गॅलरीत बसलो. वारा फिरला होता आणि कांजूरच्या डम्पिंगवरच्या कचऱ्याचा वास येत होता. त्यानं नाक दाबलं आणि तशाच आवाजात भांडायला लागला.

"दादा, तू काऊन असा अडून राह्यला? तुह्यं तं जे व्हायचं ते झालं. माह्यं तरी होऊ दे ना."

"तुह्यंच पाहून राह्यलो मी."

"माह्यं पाहतं तं हो म्हण त्या साहेबाले! तुह्या खोट्या अभिमानापायी मी म्हातारा होईन."

मी त्याला म्हटलं, अभिमान खोटा नाही, वाक्य खोटं आहे. तो उठून आत गेला आणि टीव्हीचा आवाज वाढवून बसला. मला संताप आला होता. कोणाचा, तेच नीट कळत नव्हतं. त्याचा राग धरावा तर तो चुकीचं काही मागत नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच मागितलं असतं, कदाचित जास्त जोरानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं त्याच्यासाठी पाटवडीचा रस्सा केला. आम्ही तिघं हॉलमध्ये खाली बसून लवकरच जेवत होतो. वरच्या घरात बाथरूमच्या लाद्या फोडायचं काम चालू होतं. हातोड्याचे घाव मी केव्हापासून ऐकत होतो आणि मला काही वाटत नव्हतं. मग एक घाव वेगळा पडला. ढब. पाठोपाठ पीओपीचा चिमूटभर पांढरा भुगा माझ्या ताटात पडला.

पुढचं मला आठवत नाही, ताईनं सांगितलं तसं सांगतो. "सरक! छत आलं!" असं मी किंचाळलो. धाकट्याची कॉलर धरली, त्याला फरफटत बेडरूमच्या चौकटीखाली नेलं, एका पायानं आणि कोपरांनी, आणि त्याच्यावर पालथा पडलो. ताट उडालं, रस्सा भिंतीवर गेला. तो आधी हसला. "दादा, अरे वरच्याइचं काम चालू हाय, ऊठ ना बे." मग त्याचं हसणं थांबलं, कारण मी उठत नव्हतो. त्याच्या डोक्यावर मी दोन्ही हात असे आवळून धरले होते की ताईला आणि त्याला मिळून ते सोडवावे लागले.

मला शरम वाटली. खाणीत राबलेला माणूस लाद्या फोडण्याच्या आवाजाला भ्यायला, तेही भावासमोर, ज्याला कालपर्यंत मी ताठ मानेच्या गोष्टी सांगत होतो. ताई भिंत पुसत होती. धाकटा माझ्याकडे बघत बसला होता. मग त्यानं विचारलं, "खाली असंच असते काय?"

खाणीबद्दल त्यानं मला आजवर एकच विचारलं होतं, पगार किती. मी त्याला पहिल्यांदा सगळं सांगितलं. छत येण्याआधी क्षणभर सगळं कसं गप्प होतं. दगड पायावर बसल्यावर आधी दुखतच नाही, नुसता आपला बूट भलत्याच ठिकाणी दिसतो. जोडीदार नखांनी कोळसा उकरत होता आणि यंत्र चालवणारा ड्रायव्हर लहान पोरासारखा रडत होता. आणि मग मी त्याला ते सांगितलं जे गॅलरीत भांडताना नीट सांगता आलं नव्हतं. चूक माझी ठरली की टेकू न लावण्याची चूक राहतच नाही. टेकू मागून लावायची पद्धत बदलत नाही. तिथं पुढचा माणूस उभा करतात. नव्या पोराला खालीच धाडतात, वर सावलीत कोणी बसवत नाही. "माह्या जागेवर कोण लागते?" मी विचारलं. "तूच ना?"

तो उठला आणि ताईच्या हातातलं फडकं घेऊन स्वतः भिंत पुसायला लागला.

दुपारी साहेब आले. येताना पिशवीभर संत्री आणली होती. विदर्भातल्या माणसाला मुंबईत संत्री आणून द्यावीत, ही अक्कल साहेब लोकांनाच असते. ताईनं चहा दिला. साहेबांनी माझ्या पायाची चौकशी केली, म्हणजे नसलेल्या पायाची, आणि मुद्द्यावर आले. "मग, तसंच सांगायचं ना?"

"साहेब," मी म्हटलं, "छत ढब वाजतंय असं मी ओरडलो ते तुम्ही ऐकलं की नाही?"

"अहो, मशीनचा केवढा आवाज होता."

"होता. पण टेकू मागून लावू, हे उत्तर तुम्ही त्याच आवाजात दिलंत."

ताईचा हात कपबशीवर थबकला. साहेबांनी माझा नाद सोडला आणि धाकट्याकडे वळले. "तू शिकलेला आहेस. समजव जरा भावाला. नुकसान तुझं होतंय."

खाणीत इतकी वर्षं काढली, पण इतकी भीती मला तिथं कधी वाटली नव्हती. तो साहेबांची बाजू घेता तर मी काय केलं असतं? मी माझं वाक्य सोडलं नसतं, एवढं नक्की. पण भाऊ गेला असता, आणि पायापेक्षा ते मला जड गेलं असतं. हे मी आजही त्याला तोंडावर सांगितलेलं नाही.

धाकटा जमिनीकडे बघत म्हणाला, "साहेब, मले नोकरी पायजे. लय पायजे." साहेब हसले. मग त्यानं मान वर केली. "पण उद्या मी तिथं दबलो, तं माह्याबद्दलही तुम्ही हेच सांगान. पोरगं स्वतःहून गेलं म्हणून."

साहेबांनी चहा अर्धा ठेवला. जाताना म्हणाले, पस्तावाल. ताई, जी त्या फोननंतर माझ्याशी भांडली होती, तिनंच संत्र्यांची पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली. "घेऊन जा सर," ती म्हणाली, "आमच्याकडे कोणी खात नाही." हे साफ खोटं होतं, ती संत्र्यांवर जीव टाकते.

चौकशीला मी नवा पाय घालून गेलो. तो पाय तेव्हा इतका रुतायचा की डोळ्यांत पाणी यायचं. बसायला खुर्ची दिली होती, मी घेतली नाही. छत पोकळ वाजत होतं, मी ओरडून सांगितलं होतं, टेकू लावला नाही आणि मला पुढे उभं केलं. एवढं सांगितलं आणि परत आलो.

निकाल अजून लागलेला नाही. नोकरीही लागलेली नाही. धाकटा अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर उभा असतो आणि आम्हा तिघा मोठ्यांच्या संसारात चौथा म्हणून हॉलमध्ये झोपतो. त्या मुलीच्या वडिलांनी नाही म्हटलं. त्याबद्दल तो महिनाभर माझ्याशी तुटक वागला, आणि मी त्याला त्याबद्दल दोष दिला नाही. खाणीतला माझा जोडीदार कधी कधी फोन करतो. काम तसंच चालू आहे म्हणतो, आधी माल, मग टेकू.

साहेब मात्र आशा सोडत नाहीत. जबाब अजूनही बदलता येतो असं त्यांचं म्हणणं. परवा त्यांचा फोन आला तेव्हा मी पलंगावर बसून पायाचे पट्टे आवळत होतो, म्हणून धाकट्यानं उचलला. स्पीकरवर टाकला. साहेबांनी विचारलं, भावाचा विचार बदलला का?

"बदलला नाही," धाकटा म्हणाला. "तुम्ही तिथं टेकू लावले का, ते सांगा आधी."