मळलेले तळपाय

मी पहिल्यापासून संशयी. दूध बोटावर घेऊन पाहिल्याशिवाय दुधवाल्यापुढे भांडं धरत नसे. दुष्काळ सरल्यावर माझी बदली तीर्थपुरीच्या शाळेत झाली, तेव्हा मुलगी दीड वर्षाची होती आणि अजून चालत नव्हती. नवरा दूर नोकरीला. शाळेच्या वेळात तिला घरमालकीण मावशी सांभाळायच्या. पायावर उभी राहिली की माझ्याबरोबर शाळेत नेईन, तुम्हाला त्रास नको, असं मी खोली घेतानाच सांगून ठेवलं होतं. मावशी एकट्या राहायच्या आणि पोरीवर जीव टाकायच्या. तोही मला जरा जास्तच वाटायचा.

गल्लीतली तिच्या वयाची पोरं अंगणभर पळत. माझी मात्र मला पाहिलं की रांगत यायची, हात वर करायची आणि मी तिला कडेवर घ्यायचे. पायात काही दोष तर नसेल, या धास्तीनं मला घास गोड लागत नव्हता.

त्यातच ती दिवेलागणीलाच पेंगू लागली. मला अफू आठवली. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या काही बाया तान्ह्यांना मोहरीएवढी चाटवून झोपवत, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी पोरीचं तोंड हुंगलं. कसला तरी उग्र वास आला.

"मावशी, हिला काय चाटवता?"

"वेखंड, उगाळून. जीभ हलकी होती, लेकरू जल्दी बोलतंय."

"आणि झोपते का एवढी?"

"लेकराची जात, झोपणारच की." ज्वारी निवडताना त्यांनी मान काही वर केली नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी मावशींऐवजी मीच तिला अंघोळ घातली, तेव्हा तिचे तळपाय दिसले. काळे, टाचेत माती बसलेली. गुडघ्यांवरचे रांगण्याचे घट्टे उलट मऊ पडले होते. न चालणाऱ्या पोरीचे तळपाय मळतात कसे?

मधल्या सुट्टीत मी गोठ्यामागून घरी आले. अंगणात पोरगी चालत होती. पोट पुढे, हात पसरलेले, कोंबडीच्या मागे. मावशींनी मला पाहिलं आणि झडप घालून तिला मांडीवर ओढलं.

"कधीपासून?"

"पोळ्यापासनं चालून राह्यली. दिवसभर हिंडती, मंग थकून झोपती. तुम्ही दिसल्या की कडेवर बसायला रांगती."

"आणि मला सांगितलं नाही? मी डॉक्टरकडे न्यायला निघाले होते!"

"सांगितलं असतं तर शाळेत नेली असती. तुम्हीच म्हणल्त्या, बाई. मंग मी कोणाचं तोंड बघू?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या लेकीचं पहिलं पाऊल त्यांनी माझ्यापासून लपवलं होतं. संशय घेतल्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

मावशी आत जाऊन कागदाची पुडी घेऊन आल्या. मूल पहिल्यांदा उंबरा ओलांडतं तेव्हा गूळखोबरं वाटायची त्यांची रीत. "त्या दिवशीच खोबऱ्याची वाटी फोडली. गल्लीत वाटलं असतं तर तुमच्या कानावर गेलं असतं. हा तुमचा वाटा, ठेवून दिल्ता."

गुळाला पाणी सुटलं होतं, खोबरं खवट झालं होतं. मी ते उभ्याउभ्या सगळं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी पोरीला मावशींच्या अंगणात उभं करून मी एकटीच शाळेत गेले. संध्याकाळी तिचे तळपाय मात्र रोज तपासत राहिले. दिवसभर कुठे कुठे हिंडली, ते तेवढ्यावरूनच मला कळायचं.