चिमटीत आलेली घडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला सांगतेय, कारण ‘अडाणी’ हा शब्द कानावर आला की आता माझं डोकं फिरतं — आणि आमच्या घरात तो शब्द आणला मीच.

आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. शिरूर अनंतपाळजवळचं खेडं, लातूरला कॉलेज, मग नांदेडला शिक्षिकेची नोकरी. माय लोकांच्या रानात खुरपायला जायची, म्हणून मी शिकले. बांधावरच्या लिंबाला झोळी बांधून तिनं आम्हा तिघा भावंडांना वाढवलं. त्या झोळीतून एकही लेकरू कधी खाली पडलं नाही. हे आधीच सांगून ठेवते.

सई दोन वर्षांची झाली तेव्हा आम्ही गाडी घेतली, आणि तिच्यासाठी गाडीत बसवायची लहान मुलांची सीटही. सोबत इंग्रजी पुस्तिका होती. ह्यांनी ती माझ्या हातात दिली — तू शिकलेली, तू वाच. मी वाचली का? चित्रं पाहिली. चार ओळी वाचल्या, कळल्या नाहीत, आणि “कळलं” म्हणाले. पट्टे आले तसे खालच्याच खाचेत ठेवले. वर्गात मी मुलांना रोज सांगते, समजलं नाही तर हात वर करा, त्यात लाज कसली? लाज कसली असते ते मला चांगलं ठाऊक होतं.

वर्षभरानं माय नांदेडला आली होती. तिला गावी सोडायला निघालो. मी डबे भरत होते, म्हणून सईला सीटमध्ये बसवायला मायला सांगितलं. बकल कसं लावायचं ते मीच तिला दाखवलं होतं. तिनं ते लावलं आणि मला हाक मारली. सईच्या खांद्यावरचा पट्टा तिनं चिमटीत धरला होता. पट्ट्याची चांगली घडी वर आली होती.

“बाई, हे ढिलं हाय बघ. अन् पट्टा खांद्याच्या खालून यायलाय. लेकरू वाढलं की आता. झोळीची दोरी म्या अशी सोडली असती, तर तुमी तिघं बी धोंड्यावर पडला असता.”

तिचं बरोबर होतं. पुस्तिकेत अगदी हेच होतं — पट्टा चिमटीत येता कामा नये, आणि या वयाला तो खांद्याच्या रेषेतून किंवा वरून यायला हवा. पण ते मी नंतर वाचलं. तेव्हा मी काय म्हणाले?

“तुला काय कळतं त्यातलं? पुस्तकात आहे तसंच आहे ते.”

तिनं चिमटी सोडली. पुस्तकाचं नाव काढलं की ती गप्प होते. ही सवय तिला मी लावली, दुसऱ्या कुणी नाही.

अहमदपूरच्या अलीकडं उसाची ट्रॉली एकदम रस्त्यावर आली. ह्यांनी ब्रेक दाबला. धडक नाही, काही नाही — नुसता ब्रेक. पण सईचे खांदे पट्ट्यांतून निसटले आणि ती पुढच्या सीटवर आदळली. खांद्याजवळचं हाड मोडलं, हनुवटी फुटली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, पट्टे कुणी बांधले होते?

“म्या,” माय म्हणाली.

खोटं ती बोललीच नाही. बकल तिनंच लावलं होतं. मी नुसती मान खाली घातली. संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला तेव्हा मात्र तेवढ्यानं भागेना. “आईनं बांधले होते हो,” मी म्हणाले. “अडाणी आहे ती, तिला कुठलं कळतंय.” माय समोरच बसली होती, सईला मांडीवर घेऊन.

मग तो शब्द सगळ्यांना पुरला. सासूबाईंना, ह्यांना, कार्यात मायची टर उडवणाऱ्या जावेला. पट्ट्यांची उंची कुणी ठरवली होती, हे एकानं तरी विचारलं? पदवी असलेल्या बाईला कोण विचारणार! आमच्याकडं दोष ठेवायला लांब जावं लागत नाही. जी कागदावर अंगठा उठवते, तिच्या दारात तो ठेवून यायचा. मला या सगळ्यांचा संताप येतो. पण त्यांच्या तोंडी तो शब्द दिला कुणी?

आठवड्यानं शब्दकोश घेऊन मी ती पुस्तिका वाचली. पट्टे वरच्या खाचेत घातले, ओढून घट्ट केले. कुणालाही बोलले नाही.

सई आता दहा वर्षांची आहे. माय आमच्या गाडीत बसली की स्वतःचा पट्टासुद्धा लावत नाही. दोन्ही हात मांडीत धरून बसते, कुणीतरी लावून देईपर्यंत.

गेल्या महिन्यात देवणीला, भावाकडं, त्याच्या लेकरासाठी अशीच सीट आली. भावजयीनं मायला बाळाला बसवायला सांगितलं. माय दोन पावलं मागं सरली. “मला न्हाई जमत ते. हिला सांगा, ही शिकलेली हाय.”

मी बसवलं. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरला, घडी येईनाशी होईपर्यंत ओढला. भाऊ भावजयीला म्हणाला, “बघ, अक्काला सगळं ठाऊक असतंय.” मी हसले. माय कुठं बघत होती, ते वळून पाहायचं धाडस मला झालं नाही.

सईचं हाड माझ्यामुळं मोडलं. माय मला निघण्याआधी सांगत होती.

आणि हे मी तोंडानं सांगायचं सोडून कागदावर लिहिलं — तिला वाचता येत नाही, हे माहीत असताना.